हळूकाकांचा भूकंप

हळूकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते भूकंप म्हणून.

वेधशाळेच्या हवामान विभागातला माझा पहिला दिवस होता. वय कोवळं, बूट कोरे, अंगात उत्साह मावत नव्हता. दोन-दोन पायऱ्या गाळत मी जिना उतरलो आणि शेवटच्या चार पायऱ्या एका उडीत निकालात काढल्या. काका पुढे आयुष्यभर सांगत त्यावर विश्वास ठेवायचा, तर त्या उडीने इमारत पायापासून उचलली गेली, गच्चीवरचं वाऱ्याचं चक्र उलटं फिरलं, समोरच्या डोंगराने कूस बदलली आणि त्याच्या पलीकडचा समुद्र घाबरून दोन पावलं मागे सरकला.

प्रत्यक्षात एवढंच झालं, की तळघराचं दार उघडलं आणि पायात नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, मऊ चपला घातलेला एक काडीपैलवान बाहेर आला.

"जिन्यावरून कोण पडलं?"

"कोणी नाही. मी उतरलो."

"याला उतरणं म्हणतात होय? या, दाखवतो." त्यांनी मला दंडाला धरून आत नेलं. काँक्रीटच्या बुटक्या खांबावर एक भूकंपमापक यंत्र होतं. त्यात कागद गुंडाळलेला रूळ संथपणे फिरत होता आणि एक पेन त्यावर सरळ रेघ ओढत होतं. रेघेच्या मध्येच काटेरी झुडूप उगवलं होतं. "हे तुम्ही. मी वरिष्ठांना फोन लावायला निघालो होतो. यापुढे हळू!"

हा शब्द ते शिपायाला म्हणत, साहेबांना म्हणत, अंगणात दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरींना म्हणत. त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. बाकी सगळ्यांचे ते हळूकाका.

यंत्राचं कौतुक मात्र ते तोंड भरून सांगत. "पेन हलतंय असं वाटतं ना तुम्हाला? चूक! ते एका जड वजनाला बांधलंय. वजन स्प्रिंगला टांगलंय. जेवून लोडाला टेकलेला जाडा माणूस कसा कुणी हाक मारली तरी लगेच उठत नाही, तसं ते वजन. जमीन हलते, खोली हलते, कागद हलतो, तुम्ही-मी हलतो. ते आपलं जागच्या जागी."

"म्हणजे थेट तुमच्यासारखं," काकू म्हणाल्या. काकांचं बिऱ्हाड वेधशाळेच्या मागच्याच अंगणात होतं, आणि काकू चहाचा डबा घेऊन तळघरात आल्या, की भूगर्भशास्त्रात मोलाची भर पडे.

लाटांचं गणित मी त्यांच्या अंगणातच शिकलो. "रांगेत मागच्याने धक्का दिला, की तो पुढच्या-पुढच्याला लागत जातो ना, तशी पहिली लाट. दाबत, ढकलत येते. वेगवान, पण तशी सौम्य. आता दुसरी बघा. अगं, ती चादर धर." काकूंनी एक टोक धरलं, काकांनी दुसरं झटकलं, चादरीतून वळसा सळसळत गेला. "ही दुसरी. आडवी-उभी हलवते. मागून येते, पण भांडी पाडते ती हीच. दोघींमधली फट जितकी मोठी, तितका भूकंप लांबचा. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, तसं."

"आणि कुठल्या दिशेला?"

"ते एकट्याला नाही कळत. तीन केंद्रांनी आपापलं अंतर काढायचं, नकाशावर वर्तुळं मारायची. तिन्ही मिळतात तिथे भूकंप."

"आणि ते मॅग्निट्यूड?"

काकांनी घराकडे पाहून आवाज खाली आणला. "मॅग्निट्यूड म्हणजे ही किती चिडली. तो आकडा एकच. तीव्रता म्हणजे त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात होता, की कोपऱ्यावरच्या दुकानात. आकडा एकाने वाढला तर शक्ती बत्तीसपट वाढते, हे ध्यानात ठेवून लग्न करा."

"ऐकू येतंय हं मला!" आतून आवाज आला.

"हे बघा. तीव्रता."

मी त्यांना चिडवायचो, "काका, तुमचं बरंय. सगळं घडून गेल्यावर सांगायचं. चुकायचा प्रश्नच नाही." त्यावर ते शांतपणे म्हणत, "तुम्ही आधी सांगून काय दिवे लावता ते छत्री घेऊन फिरणाऱ्यांना विचारा."

अशा या माणसाच्या मनात एक सल होता, आणि तो अख्ख्या वेधशाळेला ठाऊक होता. हजारो भूकंप मोजलेल्या काकांना स्वतःला एकही भूकंप जाणवला नव्हता. कागदावर पाहिले, पायाखाली कधी नाही. आमच्या भागात जाणवण्याजोगे धक्के तसे क्वचितच, आणि येत ते काकांची गैरसोय बघूनच. एकदा ते खडबडीत रस्त्यावरून बसने येत होते. एकदा दाताच्या डॉक्टरकडे होते; खुर्ची थरथरली, ती त्यांना यंत्राची करामत वाटली. एकदा ते चक्क घरी होते, पण कपडे धुण्याच्या मशीनने गचके द्यायला सुरुवात केली म्हणून तिला मिठी मारून उभे होते.

काकूंना मात्र तिन्ही धक्के लख्ख जाणवले होते. "मला तर बाई चांगलं गरगरलं," असं त्या मैत्रिणीला फोनवर सांगायच्या, आणि काका वर्तमानपत्रात डोकं खुपसायचे.

निवृत्ती महिन्यावर आली. नवं, आपोआप चालणारं यंत्र खोक्यातून येऊन पडलं होतं. "एकदा," काका मला म्हणाले, "एकदाच पायाखाली येऊन जाऊ दे. कुणाचं नुकसान नको. कपबशी वाजेल एवढाच. मग यंत्र काय, मलाही खोक्यात भरा."

आणि तो आला.

रविवारची दुपार होती. काकांच्या घरी आम्ही तिघं चहा घेत होतो. टेबलावरच्या कपबशा किणकिणल्या. काकांचं बोट वर गेलं.

"पहिली!"

"अहो, मग बसा ना!" काकू ओरडल्या. "आता दुसरी येईल. पाय जमिनीला टेकवून गप्प बसा! जन्मभर हिचीच वाट बघताय ना?"

कुठले बसतायत? इतक्या वर्षांची सवय होती. काकांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, वेळ पुटपुटली आणि पेन नीट चालतंय ना ते बघायला धूम ठोकली. हळूकाकांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चपला मागे राहिल्या, माणूस पुढे गेला.

मग दुसरी आली. आम्ही दोघं टेबलाखाली शिरलो. कपाटाचं दार आपण होऊन उघडलं, दिवा डोलू लागला, चहा बशीत सांडला. फार सुरेख भूकंप होता. कुणाच्या नखालाही धक्का न लावता तो गेला.

आम्ही तळघरात पोचलो, तेव्हा काका खांबाला मिठी मारून जमिनीवर बसले होते. तळघराच्या शेवटच्या चार पायऱ्या त्यांनी एका उडीत संपवल्या होत्या आणि मऊ चपलांअभावी थेट यंत्रावर जाऊन आदळले होते. पेन कागदाबाहेर लोंबत होतं. कागदावर पहिली लाट नाजूक, रेखीव उमटली होती. तिच्यापुढे काटेरी झुडूप, आणि पुढे कोरा कागद.

"हे कोण?" मी विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"लागलं का कुठे?" काकूंनी त्यांना उठवलं. "आणि जाणवला का हो शेवटी?"

"खांब हलला. चांगला हलला." ते खांबाकडे बघत राहिले. "पण तो त्याने हलवला का मी, ते काही सांगता येत नाही." आणि मग ते असे काही हसत सुटले, की काकूंनाच म्हणावं लागलं, "अहो, हळू!"

त्या भूकंपाचं केंद्र मुख्य कार्यालयाने इतर तीन ठिकाणच्या नोंदींवरून ठरवलं. आमची नोंद वापरली नाही.