नामदेवमामा, सोनं आणि हळद

माझी पीएचडी बुडवायला निघालेला माणूस आज सकाळी गेला.
आणि मी पोटभर रडून घेतलं.

नामदेवमामा. जालन्याच्या आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीचे लॅब अटेंडंट. गाव धावडा. नोकरी टेम्पररी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सोन्याचे अतिसूक्ष्म कण डीएनएच्या तुकड्याला चिकटवायचे. त्या तुकड्याला इलेक्ट्रोडवर त्याचा जोडीदार भेटला की सोनं तिथंच अडकतं आणि ग्राफवर टेकाड उठतं. नाही भेटला तर रेष सपाट.

एवढंच माझं काम. तीन वर्षं चाललेलं.

दसऱ्यानंतर चुकीच्या डीएनएलाही टेकाड यायला लागलं!

सॅम्पल बदललं. केमिकल्स नवी आणली. गावी जाताना जाफराबादच्या एसटीत आकडेमोड केली. काही उपयोग नाही.
गाईडनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विषय बदला.

नुसता इलेक्ट्रोड तपासायची अक्कल मला सुचली नाही. त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, ही माझी घमेंड. घाईत मी तो फक्त पाण्यानं धुवायचे.

एका दुपारी मामा आत आले आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, खंडेनवमीला तुमी गावाला गेल्त्या. मंग मशीनची पूजा म्याच केली. त्या कांड्यायला बी हळद-कुंकू लावलं. पुसून ठेवल्त्या, पण चुकी मही हाय."

कांड्या म्हणजे माझे इलेक्ट्रोड. हळदीचंही टेकाड उठतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मी वाट्टेल ते बोलले. मामांनी कपाटातून इलेक्ट्रोड घासायची पूड काढली.
मग म्हणाले, "रागवा. पण आधी घासून बघू."

पांढरी पूड, ओलं कापड आणि मामांचा हात. तासभर घासत होते.

चुकीचा डीएनए लावला. रेष सपाट.
बरोबरचा लावला. टेकाड! असं ठळक की मी ओरडलेच. अख्खं डिपार्टमेंट धावत आलं.

व्हायवाला परीक्षकांनी विचारलं, "इतकी स्वच्छ रीडिंग्ज कुणाच्या हातची?"
चहाचा ट्रे घेऊन मामा दारातच होते. मी त्यांना आत बोलावलं आणि सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. हळदीसकट.

परीक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी मामांशी हस्तांदोलन केलं. टाळ्या थांबेनात.

मामा, गप्प बसला असतात तर तुमची नोकरी सुरक्षित होती आणि माझं संशोधन बुडालं होतं. तुम्ही बोललात.

या डॉक्टरबाईचा तुम्हाला वाकून नमस्कार.