मशीनचा स्क्रू

आमच्या काकांचं केस कापायचं दुकान आहे. खुर्ची एक, आरसा एक आणि वाक्यंही दोनच: ‘मान खाली’ आणि ‘झालं’. पहिलं नाकातून, रेल्वेच्या घोषणेसारखं लांबवून. दुसरं टॉवेल झटकल्यासारखं. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, याच खुर्चीत लहानाचा मोठा झाला, पण या दोन वाक्यांपलीकडे बापलेक कधी बोलल्याचं काकूंना आठवत नाही. पोराला जवळ घेणं काकांच्या स्वभावातच नाही. महिन्यातून एकदा त्याचं डोकं हातात घ्यायचं, कान दुमडायचा, मानेवरचे केस फुंकरीने उडवायचे, एवढेच काय ते त्यांचे लाड.

मग दादा नोकरीसाठी परदेशी गेला. व्हिडिओ कॉलवर काकू जेवलास का, झोपलास का विचारायच्या. काका त्यांच्या खांद्यामागून नुसते बघायचे आणि फोन बंद झाला की पुटपुटायचे, “उजवी बाजू वर चढवलीय मेल्याने.” मेला म्हणजे तिकडचा कारागीर.

काही वर्षांनी दादाने दोघांना पंधरा दिवसांसाठी बोलावलं. काकूंनी पोराच्या आवडीचं जे जे मिळेल ते बॅगेत कोंबलं. काकांनी दोन शर्ट घेतले आणि केस कापायचं मशीन लुंगीत गुंडाळून मधोमध ठेवलं. पोराचे केस एकदा आपल्या हाताने कापायचे, बाकी परदेश बघितला काय नि न बघितला काय. कात्री सवयीने खिशात राहिली, ती विमानतळावर काढून घेतली. काकू म्हणतात, “मी सासरी निघाले तेव्हा माहेराकडे जेवढं वळून बघितलं नाही, तेवढं ह्यांनी त्या कात्रीकडे बघितलं.”

रविवारी सकाळी दादाच्या बाल्कनीत खुर्ची मांडली. तिकडच्या प्लगची भोकं वेगळी, पण दादाने अडॅप्टर आणून ठेवला होता. पिन बसली. काका खूश. बटण दाबलं.

दुकानात ते मशीन ‘भुर्रर्र’ करून उठतं, डिवचलेल्या गांधीलमाशीसारखं. इथे ते ‘म्म्म’ करून कण्हलं. काकांना वाटलं, विमानाची थंडी बाधली. त्यांनी तेल सोडलं, पातं पुसलं, बाजूचा स्क्रू पिळला. दुकानात मशीन मंदावलं की हेच औषध. कण्हणं वाढलं, एवढंच.

“मान खाली,” काका म्हणाले. पोराला किती वर्षांनी म्हणाले! मशीन मानेवरून वर निघालं आणि अर्ध्या वाटेत केस धरून बसलं. दादा ‘आई गं’ करत उठला, मशीन डोक्याला लटकलेलं. काकूंनी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. काकांनी ते सोडवलं, स्क्रू आणखी पिळला, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. डोक्यामागे आता पायवाट पडली होती.

“राहू द्या बाबा,” दादा हळूच म्हणाला. “उद्या ऑफिस आहे.”

मग तिघं गेले त्या मेल्याच्या दुकानात. काका जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. कारागिराने ती पायवाट बघून काहीतरी विचारलं, दादाने सांगितलं, तसा तो खो खो हसला. मग त्याची नजर काकांच्या हातांकडे गेली. ते मांडीवर कंगवा फिरवल्यासारखे हलत होते. त्याचं हसू थांबलं. त्याने आपलं मशीन मुठीच्या बाजूने काकांपुढे धरलं.

“घ्या ना बाबा,” दादा म्हणाला.

काकांनी हात पँटला पुसले, अर्धवट उठले आणि परत बसले. दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या डोक्याला हात लावायचा नाही, हा धंद्यातला नियम. तो त्यांनी सख्ख्या भावाच्या दुकानातही मोडला नव्हता. बाहेर आल्यावर काकूंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पण केस तर कापून झाले होते, आणि निघेपर्यंत ते वाढणार थोडेच.

निघताना दादा काकूंच्या गळ्यात पडून रडला. काकांपुढे आला तेव्हा न सांगताच त्याने मान खाली केली. काकांनी मानेवरून अंगठा फिरवला. फिरवत राहिले.

“मागे थोडं राहिलंय,” म्हणाले.

“असू द्या,” दादा म्हणाला. मान त्याने वर केली नाही.

घरी आल्यावर दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक आमच्या गल्लीतला वायरमन. काकांनी मशीन लावलं, तर ‘कडकडकडकड’! पत्र्यावर खडी ओतावी तसं. वायरमन चादरीसकट उभा राहिला. सगळी हकीकत ऐकून म्हणाला, “अहो काका, अडॅप्टरने फक्त पिनचं तोंड बदलतं. तिकडे विजेचा दाबच आपल्या निम्मा. बरं झालं, उलटं असतं तर मशीन जळलं असतं. आता तो स्क्रू मागे घ्या, होईल पूर्ववत.”

काकांनी स्क्रूला हात लावला नाही. मशीन लुंगीत गुंडाळून आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवलं आणि खणातलं दुसरं काढलं.

“पोराच्या घरच्या विजेला लावलंय ते,” म्हणाले.

“पण काका, ते तिकडेही चालायचं नाही...”

“मान खाली,” काका म्हणाले.