मान हरवलेला सॅक्सोफोन

भोंगेकाका शिलाई मशीन दुरुस्त करतात. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की काकांना स्टूल मागं सरकवावं लागतं. मी त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. साहित्यात एम.ए. झालोय, नोकरी नाही, म्हणून दुपारी खाली येऊन बसतो. त्यांचं वय माझ्या वडिलांपेक्षा जास्त. तरी आमची मैत्री झाली. कशी, ते मला सांगता येणार नाही.

नाव पडलं ते सॅक्सोफोनच्या भोंग्यावरून. तरुणपणी ते एका कारखान्यात होते आणि कारखान्याच्या बँडमध्ये वाजवायचे. कारखाना बंद पडला, बँड मोडला, वाद्यं गोदामात गेली. बऱ्याच वर्षांनी गोदाम रिकामं होत होतं, तेव्हा काकांनी भंगाराच्या ढिगात आपला सॅक्सोफोन ओळखला आणि काखोटीला मारून घरी आणला. त्याला मान नव्हती.

मान म्हणजे वरची वाकडी नळी. तिच्या टोकाला फुंकायचा भाग बसतो. ती नसेल तर खालचं सगळं पितळ नुसतं शोभेचं.

बाकीचं काकांनी जमवलं. बोटांनी दाबायच्या चाव्यांखालच्या गाद्या जुन्या चामडी हातमोज्यांतून कापल्या. स्प्रिंगा शिवणाच्या सुयांच्या केल्या. सुई ज्योतीवर धरायची, निळी झाली की काढायची. तुटक्या चाव्यांच्या जागी दुसऱ्या शोधल्या. एक नाटकवाल्यांच्या अडगळीत मिळाली. एक तर वाद्यांच्या दुकानदाराच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेली होती. पण मान मिळेना. ती त्याच बनावटीची, त्याच काळातली लागते. दुसरी बसवली की सूर घसरतात.

तिकडे काकांचा दम चालला होता. कारखान्यातली धूळ आता हिशेब मागत होती. डॉक्टर म्हणाले होते, फुंकायचं काही असेल तर लवकर उरका.

"एकदा सबंध वाजवायचाय," काका म्हणायचे. "मग लागू दे छातीला कुलूप."

काकू आतून ऐकवायच्या, "माझे गुडघे कुरकुरतायत त्याचं कुणाला काही नाही. भोंग्याचे सांधे मात्र बघा कसे तेल पिऊन बसलेत!"

जाहिरात मी लिहिली. काकांनी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अरे, मान शोधतोय की नवरी? सुबक काय, डौलदार काय! नुसतं लिही, मान पाहिजे."

मी तसं लिहिलं. पहिला फोन आला तो मानदुखीचं तेल विकणाऱ्याचा. काकू दोन दिवस हसत होत्या. दुसरा फोन यायला पावणेदोन महिने लागले. तो एका निवृत्त शिक्षिकेचा होता. नवऱ्याचा सॅक्सोफोन कपाटात पडून आहे, म्हणाल्या. मान आहे, पण बऱ्याच चाव्या घर बदलताना हरवल्या. येऊन बघा.

बसचा प्रवास लांबचा होता. काका खिडकीला डोकं टेकून बसले. त्यांनी बनावटीचा शिक्का आणि आकडे मला दोनदा फोनवर विचारायला लावले होते. जुळत होते. तरी ते खूश दिसत नव्हते. इतक्या फेऱ्या फुकट गेल्या होत्या की खूश व्हायचं त्यांच्या अंगातून गेलं होतं.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. काका प्रत्येक वळणावर थांबून शेजाऱ्यांच्या पाट्या वाचत होते. मीही वाचल्या.

बाईंनी पेटी पलंगावर ठेवली. काकांनी आधी मान उचलली, उजेडात धरली, आतून पाहिली. हीच. मग ती खाली ठेवून त्यांनी पेटीतल्या मोठ्या नळीवरून हात फिरवायला सुरुवात केली. तळाच्या वळणापाशी हात थांबला. काकांच्या सॅक्सोफोनला तिथंच चीर आहे. ते कथलाचा डाग देऊन ती सांधायचे, डाग उकलायचा, पुन्हा द्यायचे. या नळीला कुठं ओरखडाही नव्हता.

मला तेव्हाच धसका बसायला हवा होता. कारण काकांचा एक नेम मला ठाऊक होता. कुणी दोन मोडकी मशीनं आणून त्यातलं एक चालू करून मागितलं, की ते आधी दोन्हींचं अंग तपासतात. "ज्याचं अंग धड, त्याला भाग द्यायचे. उलटं केलं की दोन्ही जातात." गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली, आईचं मशीन आहे म्हणून सांगितलं, तरी काका ऐकत नाहीत.

"मान घेऊन जा तुम्ही," बाई म्हणाल्या. "फक्त खरं सांगा, हे कधी वाजलं असतं का हो?"

"कोण वाजवणार?"

"मी."

काकांनी बाईंकडे पाहिलं.

"हे होते तेव्हा हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तुला दम पुरायचा नाही." बाई हसल्या. "चाळीस वर्षं वर्गात ओरडलेय मी. दम तेवढा भरपूर आहे बघा."

काकांनी नळीच्या उघड्या भोकांवरून बोट फिरवलं. नाही वाजणार, एवढं म्हटलं की झालं असतं. बाईंनी विश्वास ठेवला असता. मी मनात म्हणत होतो, म्हणा.

"वाजेल," काका म्हणाले. "चाव्या आहेत माझ्याकडे."

परतीच्या बसमध्ये सगळी पेटी माझ्या मांडीवर होती. अर्ध्या वाटेत मी म्हणालो, "काका, तुमचा?"

"चीर थांबत नाही रे. मला केव्हाच कळलं होतं." त्यांनी डोळे मिटले. "मान सापडत नव्हती तोवर ते बघायची गरज नव्हती. थकलो आता."

दुसऱ्या दिवसापासून ते आपला सॅक्सोफोन उतरवू लागले. इतक्या वर्षांत जमवलेली एकेक चावी निघाली, पुसली गेली आणि दुसऱ्या अंगावर चढली. सुयांच्या स्प्रिंगासुद्धा. काकू दारात उभ्या राहून बघायच्या. टोमणा मारायच्या नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

काम झाल्यावर प्रत्येक सूर तपासावा लागतो. काका स्टुलावर बसले, फुंकायचा भाग ओठांत धरला. खालून एकेक सूर वर चढत गेला. मध्ये ते थांबून श्वास घेत होते, पाट्या वाचायला थांबायचे तसे. शेवटचा सूर बारीक आला, पण आला.

"आता गाणं होऊ द्या," काकू म्हणाल्या.

काकांनी पुन्हा ओठ लावले. दोन ओळी झाल्या, तिसरीच्या मध्यावर खोकल्यानं गाठलं. काकूंनी पाणी आणून दिलं आणि पाठीवर हात ठेवला.

"झालं," काका म्हणाले. "पेटीत घाल."

बाई स्वतः येऊन घेऊन गेल्या. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. काकांनी तो कानापासून लांब धरला, कारण पलीकडून म्हैस अडकल्यासारखा आवाज येत होता.

"बाई, ओठ इतके आवळू नका. मुलांना रागावताय का?" काका म्हणाले. "हां. पुन्हा."

"भोंगा गेला, पण कटकट काही गेली नाही," काकू आतून म्हणाल्या. आवाज जरा ओला होता.

काकांच्या सॅक्सोफोनची उघडी नळी भिंतीला टेकून होती. आत दोन-तीन जादा चाव्या चिंधीत बांधून ठेवल्या होत्या. भंगारवाल्याला बोलावू का, मी विचारलं.

काकांनी फोनवर हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "बाईंचं काही तुटलं-फुटलं तर लागेल."