गावभर पसरलेलं देऊळ

पडकं देऊळ उभं करायला निघालात ना, की पैसे जमोत न जमोत, किस्से मात्र असे जमतात की ठेवायला जागा पुरत नाही! आमची कमिटी चहाला बसली की एकाने सांगायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने "थांब, तू चुकीचा सांगून राहिला" म्हणत तोच किस्सा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. मी या कमिटीची खजिनदार. हिशेब चांगला म्हणून नाही, तोंड फटकळ म्हणून. वर्गणी मागायला तेच लागतं.

देऊळ सावनेरच्या पुढच्या एका गावातलं. हेमाडपंती, सातेकशे वर्षांचं, कुठल्याच सरकारी यादीत नसलेलं. चुना नाही, सिमेंट नाही. एका दगडाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसवून रचलेलं. हे खूळ काढलं आमच्या पराते काकांनी. घराणं नागपुरातल्या विणकरांचं, नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात फिटरची, आता रिटायर. हे गाव त्यांच्या आईचं माहेर.

देवळाच्या पुढच्या मंडपातल्या एका खांबाचा मधला तुकडाच गायब होता. वरचं छत काकांनी लावलेल्या लोखंडी जॅकवर टेकून उभं होतं. आमच्या आर्किटेक्ट निशा मॅडमनी साफ सांगितलं, "पावसाळ्याआधी तो तुकडा सापडला तर ठीक. नाहीतर मंडप उतरवायचा. कोणाच्या डोक्यावर पडू देणार नाही मी." नवा घडवून घ्यावा म्हटलं, तर घडवणाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही सगळे पाणी प्यायलो.

काकांचं जेवण तुटलं. "मायनं मले या मंडपात चालायले शिकवलं गा," एवढंच म्हणत राहिले.

* * *

वर्गणीसाठी पहिल्यांदा गेलो ते नागपूरच्या एका मोठ्या बिल्डरकडे. माणूस दिलदार! फोटो बघितले आणि म्हणाला, "एवढं कशाला रडत बसता? पाडून टाका. अख्खं देऊळ आरसीसीत बांधून देतो. वर ग्रॅनाइट, आतमध्ये एसी!"

मॅडमचा चेहरा पांढराफटक. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका अगदी शांतपणे म्हणाले, "भाऊ, बापाचा दात पडला त तुमी दात बसवता का बापच नवीन आणता?"

बिल्डर पोट धरून हसला. आणि चेक दिला!

* * *

गावात मात्र पैशांची बोंबच होती. कापसाला भाव नव्हता, मागायलाही जीव होत नव्हता. विमलबाईंच्या दारात गेलो, तर त्या अंगणात धुणं धूत होत्या. "पैसे नाही जी माह्यापाशी. दगड देऊ का? हा बी तिथलाच हाय म्हन्तात."

आम्ही चौघांनी मिळून तो धुण्याचा दगड पालथा केला.

खाली एक नर्तकी होती! पायात नूपुर, कमरेला मेखला, बोटं एवढी नाजूक की वाटावं, आत्ता हलवेल. मॅडम चिखलात गुडघे टेकून बसल्या.

विमलबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं माय! इतके वर्स मी हिच्या पाठीवर चादरी आपटून राहिली होती!" तिथंच तिला हळदकुंकू लावलं, माफी मागितली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता मी धुनं कशावर धुवू?"

देवळाच्या फंडातला पहिला खर्च म्हणजे विमलबाईंचा नवा धुण्याचा दगड. पावती आहे माझ्याकडे!

* * *

झालं! दुसऱ्या दिवसापासून गाव आपापले दगड पालथे घालायला लागलं. कोणाच्या गोठ्यातून हत्ती निघाला, कोणाच्या पायरीखालून कमळ. ज्या गावाकडे द्यायला पैसे नव्हते, त्या गावाच्या घराघरात देऊळच पडलेलं होतं. रोज संध्याकाळी बैलगाडीतून, मोटरसायकलवरून दगड यायचे आणि रोज आम्ही नव्याने थक्क व्हायचो. मला तर रडूच यायचं, आणि रडू आलं की मी कोणावर तरी ओरडते.

एक दिवस ओरडा खाल्ला तो आमचे सरपंच बाबाराव यांनी. ते स्वतः ट्रॅक्टरवर एक उभा दगड घेऊन आले. "मॅडम, याच्यावर त लेख हाय!"

मॅडम धावल्या, ब्रशने माती झटकली, चष्मा लावला. अक्षरं स्पष्ट होती. ‘काटोल’.

मैलाचा दगड उपटून आणला होता हो माणसाने!

* * *

एक सिंहाचं मुंडकं नागपुरात निघालं, एका बंगल्याच्या लॉनवर, कारंज्याशेजारी. बंगल्यातल्या बाई ऐकेनात. "हे आम्ही एक्झिबिशनमधून घेतलंय." मी म्हटलं, "बाई, मग हा सिंह तिकीट काढून गेला असेल!" काकांनी मला ओढत बाहेर काढलं.

आठवड्याभरात त्यांचाच फोन. "घेऊन जा बाई तुमचा सिंह. तुम्ही सांगून गेल्यापासून तो माझ्याकडेच बघून राहिलाय!"

तो न्यायला काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याने आपला मिनी ट्रक दिला. सिंहाला त्याने स्वतः तणसात गुंडाळलं. का विचारलं, तर म्हणे, "डाग लागला त भाव येत नाही ताई."

* * *

सगळं आलं, पण खांबाचा तो तुकडा येईना. पावसाळा तोंडावर. मॅडमनी मंडप उतरवायला माणसं ठरवली. काका रोज येऊन जॅकवर हात ठेवून नुसते उभे राहायचे, आणि त्यांच्याकडे बघवायचं नाही.

अशात एक म्हातारी आली. कुंपणाबाहेरच उभी राहिली. "काहो, तुमी घरोघरी दगड पाहून राहिले ना? मंग आमच्या वस्तीत काहून नाही आले?"

बाबाराव चपलेकडे बघायला लागले. गावाच्या टोकाला बौद्ध वस्ती होती, आणि आम्ही तिकडे खरंच गेलो नव्हतो.

म्हातारीचं नाव गयाबाई. तिच्यामागून गेलो. वस्तीच्या विहिरीवर, तोंडाशी आडवा टाकलेला एक आठ कोनांचा दगड होता. एका टोकाला जीभ, दुसऱ्या टोकाला चौकोनी खोबण. मॅडमनी टेप लावला, पुन्हा लावला, आणि काकांकडे बघून हो म्हणून मान हलवली. काका विहिरीच्या काठावरच बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

दगडाच्या कडेला दोरानं पडलेली खाच होती, चार बोटं सहज बसतील एवढी खोल.

"गावच्या विहिरीवर आमाले पानी भरू देत नोते," गयाबाई म्हणाल्या. "तवा माह्या सासऱ्यानं ही विहीर खंदली. हा दगड देवळामागं पडेल होता, त्यानं वढत आनला. माही सासू, आत्याबाई म्हनो मी तिले, जलमभर याच्यावरून दोर वढत राह्यली. तिले त देवळाच्या पायरीलेबी शिवू देलं नाही."

बाबाराव खाली मानेने म्हणाले, "गयाबाई, तुमचं नाव खांबावर कोरू."

"नाव नोको. आमी देवबिव मानत नाही. पन ही खाच बुजवाची नाही. दारातून दिसली पायजे. तसा बसवत असान त न्या."

खोबण चौकोनी, म्हणजे दगड चारी बाजूंनी फिरवून बसतो. "बसवू!" काका म्हणाले. मॅडमना विचारलंही नाही.

बसवायच्या दिवशी अख्खं गाव जमलं. चेनपुलीवरून दगड हळूहळू सरकला आणि खट्‌ करून आत बसला. हातोडासुद्धा लागला नाही! काकांनी एकेक जॅक ढिला केला. छत जागचं हललं नाही. अंगावर असा काटा आला म्हणून सांगू!

गयाबाई पायरीपाशी उभ्या होत्या. बाबाराव स्वतः गेले. "या ना, आत या."

त्या आल्या. गाभाऱ्याकडे बघितलं नाही, हात जोडले नाहीत. सरळ खांबापाशी गेल्या, टाचा उंचावून त्या खाचेत चार बोटं घातली, आणि खुदकन हसल्या.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "घुसल्या ना तुमी आतमंधी!"