आप्पांचं मरण, शुक्रवारी साडेसातला

मी मेकअपवाला. समोर खुर्चीत माणूस येऊन बसतो, मी म्हणतो, "डोळे मिटा," आणि डोळे मिटले की माणसाचं तोंड उघडतं. वाई-साताऱ्याकडच्या शूटिंगांत वीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे माझ्या पेटीत पावडर कमी आणि किस्सेच जास्त साठलेत. त्यातले निम्मे तरी एकट्या हणमंतआप्पांचे!

आप्पा म्हणजे ज्यांचं नाव आठवत नाही पण चेहरा विसरत नाही, असे नट. माणमधल्या, दहिवडीजवळच्या एका खेड्यातले. विशीत आईला न सांगता नाटकापायी मुंबईला पळाले, आणि तेव्हापासून पडद्यावर कुणाचे ना कुणाचे वडील होत आले. तब्येत पैलवानाची, पण मालिकेत दोन-तीन महिन्यांच्या वर जगत नाहीत. एका निर्मात्यानं त्यांना तोंडावरच सांगितलं होतं, "आप्पा, तुम्ही गेलात की लोक हळहळतात. दुसऱ्या कुणाला मारून ते होत नाही."

*

मालिकेत वडील गेले की भिंतीवर फोटो लागतो आणि फोटोला चंदनाचा हार. वाईजवळ एकच घर आम्ही दोन मालिकांना वापरत होतो. एका मालिकेत आप्पा नुकतेच वारलेले, दुसरीत जिवंत. सकाळी शॉट लागला. आप्पा सोफ्यावर बसून मुलाला झापतायत, आणि त्यांच्या डोक्यावर बरोबर त्यांचाच हार घातलेला फोटो!

डिरेक्टर ओरडला, "कट! तो फोटो कुणी ठेवला?" सेटवर पळापळ. आप्पांनी मान वळवून फोटोकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. थोरला भाऊ समजा माझा."

लेखक तिथेच चहा पीत उभा होता. पुढच्या आठवड्यात मालिकेत थोरल्या भावाचा खून निघाला. खुनी आप्पाच निघाले.

*

दुसरी गंमत लोणंदच्या बाजारातली. आप्पा गावी जाताना तिथे कांदे घ्यायला उतरले होते. आदल्याच संध्याकाळी ते टीव्हीवर ट्रॅक्टरखाली आले होते.

कांदेवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. मग जरा रागानंच म्हणाला, "आवं आप्पा, काल आमच्या घरात कुणी धड जेवलं न्हाई तुमच्यापायी. आन तुमी हितं कांदं निवडताय व्हय?"

आप्पा ओशाळले. म्हणाले, "चुकलं गड्या."

तो काटा लावत म्हणाला, "निदान तेराव्यापतुर तरी घरात बसायचं."

*

आता आप्पांच्या आईबद्दल सांगायला हवं. आजी गावीच राहतात, एकट्या. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला, अंगानं काटक, बोलणं तोलूनमापून. मुलगा नाटक-सिनेमात सोंगं करतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरीपण पहिल्यांदा आप्पा मालिकेत हार्ट अटॅकनं गेले, त्या दिवशी आजींनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि शेजारणीला फोन लावायला लावला.

आप्पा तेव्हा पाचगणीला शूटिंगमध्ये, फोन माझ्याकडे, आणि मी तो बंद करून पेटीत टाकलेला. आप्पांचा उलटा फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. आजी एवढंच म्हणाल्या, "हाईस न्हवं?" आप्पा म्हणाले, "हाय." "मग ठेव." आणि फोन ठेवला. आप्पा खुर्चीत येऊन बसले, मी डोळे मिटायला सांगायच्या आधीच त्यांनी ते मिटले होते. फोन मी बंद केला होता, हे मला अजून टोचतं.

तेव्हापासून आप्पा प्रत्येक करारात हातानं एक ओळ लिहितात : माझं मरण टीव्हीवर दाखवतील त्या दिवशी सुट्टी. मुंबईहून आलेला एक नवा प्रॉडक्शन मॅनेजर हसला. म्हणाला, "आप्पा, मेल्यावर तर कायमचीच सुट्टी असते."

आप्पा म्हणाले, "ती तुमी देता. ही मी मागतूय."

*

एकदा अशीच सुट्टी घेऊन आप्पा गावी गेले आणि चॅनेलनं मरण लांबवलं. मालिकेत आप्पा हॉस्पिटलच्या खाटेवर, डोळे अर्धे मिटलेले, आणि सून रोज येऊन रडायची. इकडे गावात जो तो विचारायचा, "आप्पा, कवा आलाय?"

"परवा."

"काय काम काढलं?"

"मरायला आलोय. शुक्रवारी, साडेसातला."

"मग येतू की आमी बी."

शुक्रवारी घर माणसांनी भरलं, पण आप्पा काही मेले नाहीत. शनिवारी नाही, सोमवारीही नाही. शेवटी आजीच वैतागल्या. म्हणाल्या, "हणम्या, त्या लोकास्नी फोन कर आन काय ते उरकून टाका म्हणावं. तुला कामावर जायाचंय."

*

यंदाची गोष्ट मात्र मी डोळ्यांनी बघितलेली. आजी उन्हाळ्यात दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का लागू देऊ नका. आणि नेमका तेव्हाच आप्पांना जन्मात एकदाच मिळावा असा रोल मिळाला होता : म्हाताऱ्या आईला सांभाळत माळावर राहणारा मेंढपाळ. आजी एक भाग चुकवत नव्हत्या.

आप्पा डिरेक्टरकडे गेले. म्हणाले, "या खेपेला मला मारू नका. काशीला पाठवा, कोमात ठेवा, काय बी करा." डिरेक्टर म्हणाला, "आप्पा, वरून मरण मंजूर होऊन आलंय."

त्या शॉटच्या सकाळी आप्पा माझ्या खुर्चीत बसले. मी चेहऱ्यावर पांढुरकं लावायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. "सदा, जरा कमी मेलेला कर. आईला बघायचंय." मी केला. एवढा तजेलदार मुडदा मी आयुष्यात रंगवला नाही.

ज्या दिवशी तो भाग लागणार होता त्या दिवशी मीच गाडी काढून त्यांना गावी नेलं. आजी खाटेवर, आप्पा त्यांना खेटून, त्यांचा हात स्वतःच्या हातात घट्ट धरून. टीव्हीवर माळ दिसला, मेंढरं दिसली, आप्पांनी आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि गेले. आजींच्या डोळ्यांना धारा लागल्या. मी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊनच उभा होतो.

आप्पा घाबरे झाले. आजींचा खांदा हलवत म्हणाले, "आये, आगं मी हितं हाय. हिकडं बघ की. तुझ्यापशीच बसलोय न्हवं."

आजींनी टीव्हीवरची नजर काढली नाही. हात सोडवून घेतला, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या,

"तू गप रं. त्यो लय गुणाचा हुता. आईला टाकून ममईला गेला न्हाई कवा."