अण्णांचा चांगला कान

अण्णांना गरगरायला लागलं म्हणून मी लातूरहून गेले आणि त्यांना नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा डावा कान लहानपणी वाहून वाहून कधीच गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर. सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. उजव्या कानामागच्या हाडात भोकंच भोकं, डावीकडचं हाड पांढरं, भरीव.

"ही भोकं म्हणजे हवेचे कप्पे. कुणाला जास्त असतात, कुणाला कमी. डावीकडे लहानपणच्या दुखण्यामुळे ते झालेच नाहीत. उजवा कान छान आहे, तेवढा जपा."

गरगरण्यावर गोळ्या मिळाल्या. अण्णांना उमरीला सोडून मी निर्धास्त परतले.

घरी अण्णांच्या बहिणीने, म्हणजे माझ्या आत्याने, फिल्म दारात उन्हाला धरली. या बाईची हयात धान्य निवडण्यात गेली. भोकाचा दाणा किडका, भरीव दाणा चांगला. लागला निकाल! लसूण घालून तापवलेलं तेल उजव्या कानात सुरू झालं, वर कापसाचा बोळा.

हे मला फोनवर कळलं तेव्हा मी कपाळच बडवून घेतलं.

"आत्या, त्यात हवा असते, हवा! तुमच्याही कानात असेल."

"माझा कान कशाला किडतोय? आन् किडकं न्हाई, तर फोटो कशाला काढला मंग?"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शंभर पोरं माझं ऐकून परीक्षा पास होतात, आणि घरात सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आजार रेड्याला अन् औषध पखालीला म्हणतात. इथं पखालच फाडायला निघाले होते. रागाने मला रडू आलं.

रविवारी उमरी गाठली. अण्णा ओसरीवर बसले होते. बोळा काढला तर आत तेलाने फुगलेला मळ आणि लसणाचा चोथा. मी कानाशी तोंड नेऊन ओरडले, "अण्णा, हा कान चांगला आहे! डॉक्टरकडं चला, साफ करून घेऊ!"

त्यांनी हातानेच 'काय' म्हणून विचारलं. मी पुन्हा ओरडले. पुन्हा. घसा बसला.

अण्णांचे डोळे भरून आले. माझ्याकडं न बघता ते आत्याला म्हणाले, "तुझंच खरं हाय बाई. लई किडलाय. परवापस्तोर ऐकू यायचं, आता कायीच न्हाई."

आत्या तेल गरम करायला उठली.