हाताने फिरवून पाहिलेले इंजिन

प्रमिलाताई खोब्रागडे यांची आणि माझी खरी ओळख माझ्या दुकानाच्या काउंटरवर झाली. सानगडीला माझे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान आहे. त्यांचे यजमान वसंतराव आमच्या भागातले नावाजलेले मिस्त्री. त्यामुळे ‘वसंतरावांच्या घरच्या’ एवढेच मी त्यांना ओळखत होतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका सकाळी त्या दुकानात आल्या आणि त्यांनी एका जीपची टायमिंग चेन मागितली. मी चेन काढून दिली. ती हातात घेऊन त्या म्हणाल्या, “नुसती चेन नोको जी भाऊ. टेन्शनर आन् गाइडपट्ट्याही द्या. जुन्या पार झिजल्या हायेत.”

“मिस्त्री कोण ठेवला?” मी विचारले.

“मीच करून राहिले,” त्या म्हणाल्या.

त्याच्या महिनाभर आधी वसंतरावांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेले. झटका आला तेव्हा दिघोरीच्या नामदेवरावांची जीप गॅरेजमध्ये उघडून ठेवलेली होती. जुनी चेन निघाली होती, नवी बसायची होती. नामदेवरावांचे घर त्या जीपवर चालायचे. आजूबाजूच्या गावांतल्या आजारी माणसाला साकोलीला न्यायचे तरी लोक त्यांनाच हाक मारत. किती दिवस थांबणार? जीप ओढून दुसऱ्या गॅरेजला नेतो, असा निरोप त्यांनी पाठवला होता. ती गाडी गेली की गॅरेज कायमचे मिटणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होते. वसंतरावांनाही दिसत असावे. दोन दिवसांपासून त्यांनी जेवण सोडले होते.

ताईंनी नामदेवरावांकडून एक दिवस मागून घेतला. लग्न झाल्यापासून घरचे आवरून त्या गॅरेजमध्ये येत, सुटे भाग रॉकेलने धूत, मागेल तो पाना हातात देत. पाहून पाहून पुष्कळ कळलेले होते. पण स्वतःच्या हाताने टायमिंग कधी बांधलेले नव्हते.

टायमिंग म्हणजे काय, हे या गौरवग्रंथाच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असेल असे नाही. इंजिनात खाली पिस्टन वर-खाली होतात आणि वर वॉल्व्ह उघडतात, मिटतात. या दोघांचा मेळ ती साखळी राखते. खालच्या आणि वरच्या गिअरवर खुणा असतात, त्या नेमक्या जुळवून साखळी चढवावी लागते. एखादा दात जरी इकडचा तिकडे झाला, तरी पिस्टन जाऊन वॉल्व्हवर आदळू शकतो आणि मग सारे इंजिन खोलावे लागते.

सामान घेऊन मी त्यांच्याबरोबर गॅरेजवर गेलो आणि तिथेच थांबलो. नामदेवरावही येऊन बसले होते. ताईंनी वसंतरावांना खुर्चीसकट जीपसमोर आणून बसवले, पाठीला उशी दिली आणि म्हणाल्या, “तुमी फक्त पाहा. चुकलं का हात वर करजा.”

त्यांनी पहिला पिस्टन वर आणला, खुणा जुळवल्या, साखळी चढवली, साखळीला वाट देणाऱ्या गाइडपट्ट्या आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बसवला. नामदेवराव चावी घेऊन पुढे झाले. ताईंनी त्यांना थांबवले. खालच्या बोल्टला पाना लावून त्या इंजिन हाताने फिरवू लागल्या. थोडे फिरले आणि अडले.

“जोर लावा ना वहिनी. नवी चेन हाय, कडक असंन,” नामदेवराव म्हणाले.

वसंतरावांचा डावा हात वर गेला.

ताईंनी पाना सोडला. त्यांचा चेहरा उतरला होता. नामदेवराव काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, “अडलं हे बरं झालं. चावी मारली असती तं वॉल्व्ह वाकले असते.” टेन्शनर पुन्हा सोडला. साखळीच्या ताणाच्या बाजूला जरासा ढिलेपणा राहून गेला होता, त्यामुळे वरचा गिअर एक दात मागे पडला होता. त्यांनी साखळी उतरवली आणि ती बाजू आधी ताठ ओढून सगळे पहिल्यापासून बसवले.

या वेळी इंजिन न अडता फिरले. पूर्ण दोन फेरे झाले. पण ताई पुन्हा थबकल्या. नव्या साखळीच्या काही कड्या रंगवलेल्या असतात. बसवताना खुणांसमोर असलेल्या त्या कड्या आता भलतीकडेच गेल्या होत्या. त्यांनी काळजीने यजमानांकडे पाहिले. वसंतराव डाव्या बोटाने गिअरकडे दाखवत होते आणि, झटक्यानंतर पहिल्यांदाच, हसत होते. रंगीत कड्या फक्त बसवताना पाहायच्या. फिरवल्यावर गिअरच्या खुणा पाहायच्या. त्या खुणा बरोबर जुळल्या होत्या.

पुढचे झाकण बसले, बाकीची जोडणी झाली आणि जीप सुरू झाली. आवाज अगदी एकसारखा. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहतच होतो, तेवढ्यात खुर्चीतून शब्द आला, “पाणी.”

महिनाभरातला वसंतरावांचा तो पहिला शब्द. ताई धावत घरात गेल्या आणि पेला घेऊन आल्या. वसंतरावांनी मान हलवली आणि हात रेडिएटरकडे केला. इंजिनाचे पुढचे झाकण काढताना ओतून टाकलेले पाणी परत भरायचे राहिले होते. ताईंनी घाईने इंजिन बंद केले, मग तिथेच खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दुपारी वसंतराव जेवले.

गॅरेज मिटले नाही. सुरुवातीला लोक बाईमाणूस काय करते ते पाहायला येत. पुढे गाड्या घेऊन येऊ लागले. ताईंचा एक नियम मात्र आजवर बदललेला नाही. टायमिंगचे काम झाले की इंजिन आधी हाताने फिरवायचे, मग चावी. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

माझी मुलगी प्रज्ञा बारावीनंतर त्यांच्याकडे काम शिकायला गेली. एकदा तिने बांधलेले टायमिंग हाताने फिरवून पाहताना चुकलेले निघाले. गाडी पवनी तालुक्यातल्या आसगावची होती आणि मालक पाहुण्यांना आणायला निघालेला. तो चिडून विचारू लागला, कोणी केले हे? ताई म्हणाल्या, “काम माह्या गॅरेजचं हाय, मले बोला. गाडी उद्या भेटंल. तुमच्या पाहुण्यायसाठी दुसऱ्या गाडीची सोय मी करून देतो.” प्रज्ञाला त्या रागावल्या नाहीत. तिच्याकडूनच ती साखळी उतरवून पुन्हा चढवून घेतली आणि स्वतः शेजारी दिवा धरून उभ्या राहिल्या. प्रज्ञा आज भंडाऱ्याला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आहे. ताईंकडे शिकलेल्या आणखी काही मुली स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकीकडे सांगण्यासारखी अशी एखादी गोष्ट असेल.

वसंतराव आता काठी घेऊन चालतात. बोलणे तुटक आहे, पण शिकणाऱ्या मुलींना रागावण्याइतके पुरते. गॅरेजच्या मागे पत्र्याची नवी शेड उभी राहते आहे. तिथे मुलींना इंजिनाचे काम शिकवण्याचा वर्ग सुरू करायचे ताईंनी ठरवले आहे, आणि येणार म्हणून काहींनी आताच सांगून ठेवले आहे.

या लेखासाठी मी त्यांना भेटलो तेव्हा विचारले, “ताई, साठी झाली, आता थोडा आराम?” त्या म्हणाल्या, “कायले जी भाऊ? आता तं खरी शिकवायले सुरुवात करून राहिले.”

प्रमिलाताईंना आणि वसंतरावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. नव्या शेडमधून मुलींच्या तुकड्यांमागून तुकड्या शिकून बाहेर पडोत, आणि त्यांतल्या शेवटच्या मुलीनेही आपले पहिले इंजिन ताईंच्या समोर सुरू करावे, इतकी वर्षे त्यांना मिळोत.